रिकाम्या चौकोनांतली धूळ

माझ्या नातवंडांनो, काल फोनवर कळलं की तुमच्या बाबाने माझी चूक तुम्हाला कधी सांगितलीच नाही. तेव्हा मीच सांगते.

ऐंशीच्या दशकात तो मुंबईत संशोधन करत होता. ताऱ्यांमधली धूळ अतिशय थंड असते, तरी तिच्यातून मंद उष्णता बाहेर पडते. उपग्रहाने ती अवरक्त प्रकाशात मोजली होती. त्यावरून हीच धूळ मायक्रोवेव्हमध्ये आकाशभर कुठे किती उजळेल, याचं गणित तो मांडत होता. सुट्टीत तारकर्लीला आला, तेव्हा त्याचे कच्चे तक्ते मी शाईने उतरून दिले.

"आये, तुझां अक्षर बरां आसा," तो म्हणाला, "पण आकडे सजवू नको गो."

मी शाळेतली बाई. आमच्या हजेरीपटात रिकामा चौकोन म्हणजे 'वरीलप्रमाणे'. तक्त्यात रिकामे चौकोन दिसले तिथे मी वरचाच आकडा खाली उतरवला. घाईत त्याने ते तपासलं नाही.

तो एसटीने गेला त्याच दुपारी कच्चे कागद आवरताना पहिल्या पानाचा समास दिसला. बारीक पेन्सिलीत लिहिलं होतं: रिकामं म्हणजे उपग्रहाने पाहिलेलंच नाही.

 आकाशाच्या ज्या पट्ट्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं, तिथे मी धूळ भरली होती. परवा त्या तक्त्यांसह प्रबंधाचं प्रकरण त्याच्या मार्गदर्शक सरांच्या हाती जाणार. पोराने आकडे बनवले, असंच ते म्हणणार. कॉपी करणाऱ्या मुलांची काय गत होते, ते मी वर्गात पाहिलं होतं.

तशीच मालवणच्या तार ऑफिसात गेले. 'रिकामे चौकोन मी भरले. देऊ नकोस.' तारमास्तरांनी मजकूर दोनदा वाचला.

"रिकामे चौकोन? कोडां घातलास काय, बाईनू?"

"आभाळातले आहेत."

"आभाळात जागा रिकामी आसा? मुंबैक तर खोली गावना नाय!"

मला हसू आलं नाही. पुढचे दिवस पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी हातातलं टाकून दारात यायची. तो आमचं फाटक ओलांडून पुढे गेला, की आणखी भीती वाटायची. घरात कुणाला सांगायचं धाडस झालं नाही.

आठवड्याने अंतर्देशीय पत्र आलं. तार उशिरा पोचली, तोवर प्रकरण सरांकडे गेलं होतं. त्याने ते परत मागून घेतलं आणि चूक स्वतःची म्हणून सांगितली. सर खूप बोलले. उपग्रहाच्या मूळ नोंदींवरून सगळं गणित पुन्हा करावं लागलं, प्रबंध लांबला. पत्रात मला दोष देणारा एक शब्द नव्हता. शेवटी फक्त, 'कच्चे तक्ते जपून ठेव.'

ते तक्ते माझ्या कपाटात आहेत. त्यांतले चौकोन अजून रिकामे आहेत.