बाल्टीचं चाक

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट ठरवायची वेळ आली, तेव्हा वर्गातले अर्धे जण ड्रोन बनवणार होते आणि उरलेले सोलरवर काहीतरी. मी म्हटलं, मी बाल्टी फिरवणार. सगळे फिस्सकन हसले. माझी मैत्रीण तेवढी "हव" म्हणाली. ती धमतरीकडची, एकदा हव, म्हणजे हो, म्हणाली की विषय संपला.

बाल्टी माझ्या आईची. आई रायपुरात, गुढियारीतल्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी नववीत गोल फिरणाऱ्या वस्तूंचा भाग आला की ती लोखंडी बाल्टीत अर्धं पाणी घ्यायची, पदर खोचायची आणि बाल्टी हातानं खालून वर, वरून खाली गरगर फिरवायची. डोक्यावर बाल्टी पालथी आणि पाण्याचा एक थेंब खाली नाही! बाजूच्या वर्गातले पोट्टे खिडकीला लटकायचे. अजूनही बाजारात चांगला मिशीवाला बाप्या वाकून नमस्कार करतो आणि विचारतो, "मैडम, बाल्टी अभी भी घुमाते हो?"

त्या वर्षी आईचा उजवा खांदा धरला. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आईनं घरी येऊन अर्ज लिहिला: मला वर्गातून काढून नवा रायपुरच्या ऑफिसात टेबलाचं काम द्या. सही केली, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. सोमवारी देणार म्हणाली.

"काहून वो आई?" मी भडकले. "एका बाल्टीसाठी?"

"हात चालत नाई तर पोट्ट्यांसमोर कायले उभी राहू? बसून धडा वाचून दाखवू काय?"

आई आणि फायली! मला रडूच आलं. जी बाई रविवारीही भाजी निवडताना कुणाला तरी काहीतरी समजावून सांगते, ती शहराबाहेरच्या त्या नव्या राजधानीत सुन्या रुंद रस्त्यांवर बसची वाट बघत सुकून गेली असती. आमच्या सरांना प्रोजेक्टचा आराखडाही सोमवारीच द्यायचा होता. म्हटलं, बघतेच आता.

शुक्रवारपर्यंत मी आणि मैत्रिणीनं ड्रॉइंग तयार केलं. काय देखणं ड्रॉइंग! मजबूत चौकट, मोठं चाक, चाकाला पक्की बसवलेली बाल्टी, मोटर, बटन आणि पोरांच्या बाजूनं जाळी. आईनं फक्त बटन दाबायचं. मी ते जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे पसरलं आणि छाती फुगवून उभी राहिले.

आईनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. "पोट्टे कुठं बसले यात?"

"समोर."

"कोणाच्या समोर? बटन इकडून हाय. मी इथं उभी राहिली तर माझी पाठ वर्गाकडे. पोट्टे चाक पाहतील का माझा अंबाडा?"

मैत्रीण हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षं आम्हाला हेच शिकवलं होतं, मशीन चालवणारा जिथं उभा राहतो तिथून पाहायचं, ती समोरची बाजू. बघणारा कुठं बसतो हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. पण हे कबूल करायला तोंड उघडेल तर ना! "तुले काय समजते आमच्या ड्रॉइंगमधलं?" मी म्हटलं. आई चिडली नाही. "उद्या शाळेत ये," म्हणाली. "शेवटच्या बाकावर बस एक तास. मग सांग."

शनिवारी मी फणकाऱ्यातच गेले. शेवटच्या बाकावरून आईचं टेबल दिसतच नव्हतं, नुसती डोकी. कमरेच्या खालचं सगळं तिथं बसणाऱ्यांसाठी नसल्यातच जमा होतं. आमच्या चाकाचा खालचा अर्धा भाग नेमका तिथंच येणार होता.

आई शिकवत होती. चाक घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, असं म्हणत तिनं हवेत डावा हात फिरवला. मला वाटलं चुकली, तिच्या बाजूनं तर ते उलटं होतं. मग लक्षात आलं, आमच्या बाजूनं बरोबर होतं. मुलांना उजवा हात वर करा म्हणाली आणि स्वतः डावा वर केला, म्हणजे समोरच्याला आरशात बघितल्यासारखं सरळ दिसावं. किती वर्षं ही बाई उलटं जगून राहिली होती, फक्त समोरच्याला सुलटं दिसावं म्हणून! तरीच ऑटोत बसली की "उजवीकडे घ्या भैया" म्हणून डावा हात दाखवते आणि आम्ही भलत्याच पाऱ्यात, कुठल्या तरी अनोळखी मोहल्ल्यात जाऊन पोचतो. घरात आम्ही तिला या गोष्टीवरून इतकं चिडवलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

तास संपता संपता पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मैडम, बाल्टी कब? पानी गिरेगा तो हम भीगेंगे न?" सगळा वर्ग हसला, सरसावून बसला. आई डाव्या हातानं फळा पुसत राहिली.

रविवारी दुपारी आम्ही तिघी पुन्हा टेबलाशी बसलो. पोरांच्या आणि चाकाच्या मध्ये येणारी जाळी मी आधी खोडली.

"मोटरही काढ," आई म्हणाली. "हँडल लाव, डाव्या हाताले येईल असं. मले हळू करता आलं पाहिजे. पाणी सांडलं पाहिजे."

"अवं आई, सांडू नये म्हणून तर एवढा खटाटोप!"

"जोरात फिरवलं की सांडत नाई, हे मी इतकी वर्षं दाखवलं. हळू केलं की सांडते, हे कधी दाखवू शकली नाई. माझ्याच डोक्यावर पडलं असतं ना!" ती हसली. "अर्धाच धडा शिकवला पाह्य मी."

आम्ही तिच्या दुखऱ्या हाताची जागा भरायला निघालो होतो. ती मात्र चांगल्या हातालाही जे जमलं नव्हतं, ते मागत होती. मी हात टेकले.

मग आईनं पर्समधून एक कागद काढला, डाव्या हातात पेन धरलं आणि वेड्यावाकड्या रेघांनी शेवटच्या बाकावरून दिसेल तसा वर्ग काढला. खाली डोकी, त्यांच्या वर चाक, चाकाच्या बाजूला वर्गाकडे तोंड करून ती स्वतः, कमरेशी हँडल, तिथून वर गेलेली सायकलची चेन. चाकाखाली पाणी पडायला परात. "हे लाव तुझ्या सरांच्या कागदांमध्ये," म्हणाली.

सोमवारी सरांनी आमचं संगणकावरचं ड्रॉइंग झर्रकन उलटलं आणि आईच्या कागदापाशी थांबले. "यह किसने बनाया?"

"जो चलाएँगी उन्होंने, सर."

"पहली बार किसी ने क्लास की तरफ़ से बनाया है," सर म्हणाले आणि त्यांनी सही केली. मग कागद पालथा केला. "और पीछे यह क्या है?"

मी वाकून पाहिलं. महोदय, सविनय निवेदन है. खाली आईची सही. तोच टेबलाच्या कामाचा अर्ज!

"वापस चाहिए?"

"नहीं सर," मी म्हटलं. "फ़ाइल में ही लगा लीजिए."

घरी आले तेव्हा आई कणीक मळत होती, एकाच हातानं. मी विचारलं, "आई, तू आज अर्ज देणार होती ना? त्याच्यावरच ड्रॉइंग काढलं तू."

"कागद नव्हता दुसरा."

माझ्या कोऱ्या शीटांचा गठ्ठा रविवारभर तिच्या कोपराखाली होता. मी तिच्या परातीत थोडं पाणी ओतलं.

"आणि परात बाजारातून आण," आई म्हणाली. "ही मले कणकेले लागते."