शेळी मेलीच नव्हती

पुणतांब्याचे सूर्यभान साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल, नारळ आणि एक स्मार्टफोन मिळाला. शाल त्यांनी पेटीत ठेवली, नारळ देवाला वाढवला आणि फोन मात्र हातातून खाली ठेवला नाही. आयुष्यभर इतरांच्या उशिरा येण्यावर शेरे मारलेला माणूस. शेरा मारल्याशिवाय त्यांना अन्न पचेना. मग त्यांनी सिनेमे धरले. ‘चोखंदळ रसिक’ नावाचा ग्रुप काढून दर शुक्रवारी ते नव्या सिनेमावर मत देऊ लागले. सुरुवात ठरलेली असे, ‘आज सहकुटुंब पाहिला.’

कुटुंब म्हणजे पत्नी दगडाबाई. त्या वेळी त्या गोठ्यात म्हशीखालचं शेण ओढत असत. लग्नानंतर त्यांनी थिएटरचा दरवाजासुद्धा आतून पाहिला नव्हता. सूर्यभान तरी कुठे जात होते म्हणा. पोस्टर बघायचं, नटाचं नाव वाचायचं आणि ओट्यावर बसून ठोकून द्यायचं, ‘मध्यंतरानंतर पकड सुटते.’ कुठल्या सिनेमाची सुटत नाही? त्यामुळे ते कधी चुकले नाहीत आणि त्यांचा शब्द आसपासच्या चार गावांत चालू लागला.

दिवाळीच्या आधी राहात्याच्या थिएटरात मराठीत बोलणारा एक कार्टून सिनेमा लागला. जग संपलेलं, शहरं वाळूखाली गेलेली, माणूस औषधालाही उरलेला नाही. उरलेत फक्त एक बोलणारा जुना ट्रॅक्टर आणि एक शेळी. पोस्टरवर शेळी वाळूत आडवी पडलेली होती. तेवढ्यावरून सूर्यभानांनी लिहिलं, ‘आज सहकुटुंब पाहिला. शेवटी शेळी तडफडून मरते. शेजारची लहान मुलं ओक्साबोक्शी रडत होती. आमच्या मंडळींनी रात्री घास घेतला नाही. असले अमानुष सिनेमे दाखवून पुढची पिढी कशी घडणार?’

मजकूर पेटला. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मच्छिंद्रने लगेच खाली लिहिलं, ‘मीपण पाहिला, काका. शेळीचं मरण बघवलं नाही. शिवाय जग संपल्यावर डिझेल कुठून आलं, याचं उत्तर नाही.’ मग कुणाला संगीत कर्कश वाटलं, कुणाला त्यात परकीय हात दिसला. एकाने तर शेळीच्या जातीवरून वाद काढला. दोन दिवसांत तो मजकूर नेवाश्यापर्यंत पोहोचला. ज्या शाळेने मुलांसाठी सबंध खेळ आरक्षित केला होता, तिथल्या पालकांनी मुख्याध्यापकांना घेराव घातला. शाळेने खेळ रद्द केला.

थिएटरचा मालक फक्रुद्दीन दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यभानांच्या दारात उभा राहिला. शांत माणूस, पण त्याचा चेहरा उतरला होता.

“काका, एवढंच विचारायला आलो,” तो म्हणाला. “कुठली शेळी मेली?”

सूर्यभानांनी चष्मा पुसला. “शेवटी… ती… रूपकात्मक…”

“शेवटी शेळी विते, काका. दोन करडं होतात. तिथं सिनेमा संपतो.”

दगडाबाई चहा घेऊन आल्या होत्या. “कुठला सिनेमा?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही पाहिलेला, काकू. ज्याच्यामुळं तुमचं जेवण गेलं नाही.”

“माजं?” त्यांनी कप खाली ठेवला. “म्या तर त्या राती दोन भाकरी खाल्ल्या! अन् आपन कवा गेल्तो हो सिनेमाला?”

सूर्यभानांना एकाएकी खोकला लागला.

फक्रुद्दीन भांडला नाही. त्याने दोन पास ओट्यावर ठेवले. “रविवारी दुपारचा खेळ. संपल्यावर प्रेक्षकांना बोलायला माईक देणार आहे. तुमच्या सगळ्या ग्रुपलाही बोलावलंय. तुम्ही याच.”

न जावं तर तोंड दाखवायला जागा नाही, जावं तर तिथे तोंड उघडावं लागणार. सूर्यभानांनी शनिवारपासूनच कंबर धरली. पण दगडाबाईंनी लेकीने दिलेलं नवं लुगडं बाहेर काढलं होतं. “कंबर दुखती तर तितं टेकून बसा,” त्या म्हणाल्या. “ऐकलंय, खुर्च्या मऊ असत्यात.”

थिएटर निम्मं भरलं. अंधार झाला आणि दगडाबाई पुढे वाकून बसल्या, त्या शेवटपर्यंत मागे टेकल्याच नाहीत. वाळूचं वादळ आलं तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला. ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा “अरं देवा!” म्हणाल्या. सूर्यभान मात्र मांडीवर फोन झाकून, बोलायचं काय ते तयार करत होते. समोर पडद्यावर शेळी व्याली, तेही त्यांच्या नजरेतून सुटलं.

दिवे लागले. फक्रुद्दीनने पहिला माईक सूर्यभानांकडेच दिला. ते उठले, घसा साफ केला.

“मित्रहो, दुसऱ्यांदा पाहताना मला या चित्रपटाचे वेगळे पैलू जाणवले…”

“दुसऱ्यांदा?” शेजारून दगडाबाईंचा आवाज आला. गोठ्यात मोठ्याने बोलायची सवय. त्यांना माईक लागला नाही. “अवो, पयल्यांदाच आलोय की आपन!”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं थिएटर हसलं. सर्वांत मोठ्याने मच्छिंद्र हसत होता. फक्रुद्दीनने त्याच्याकडे वळून विचारलं, “मच्छिंद्रभाऊ, तुम्हाला शेळीचं मरण कुठं दिसलं?” मच्छिंद्रचं हसू तिथेच विझलं. त्याच्या आजूबाजूची ग्रुपची मंडळी चप्पल शोधायला वाकली.

माईक कसा कोण जाणे दगडाबाईंकडे आला. आपल्यामुळे काही झालं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“मला लई आवडला,” त्या म्हणाल्या. “ट्रॅक्टर चांगला हाय बिचारा. पन येक खटकलं. शेळी व्याली अन् तिला कुनी कोमट पानी पाजलं न्हाई. मान्सं न्हाईत म्हनून काय झालं, ट्रॅक्टरचं पानी तापलेलं असतंय की.”

यावर टाळ्या पडल्या. सूर्यभान खाली बसले, ते गर्दी पांगेपर्यंत उठले नाहीत. येताना एसटीत नवराबायको एका बाकावर बसले होते. दगडाबाई करडांविषयी बोलत होत्या आणि सूर्यभान खिडकीबाहेरचा ऊस असा बघत होते, जणू त्यावरही मत मागितलंय.

यातून कुणी काही शिकलं असेल, असं वाटत असेल तर तुम्ही आमचा भाग ओळखत नाही. ग्रुप संध्याकाळपर्यंत गप्प होता. मग कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं, त्याखाली पंचवीस जणांनी हात जोडले आणि विषय संपला. माफी कुणी मागितली नाही. मच्छिंद्रने तर ‘मी आधीच म्हणालो होतो, उत्तम सिनेमा’ असं लिहिलं आणि त्यालाही अंगठे मिळाले. शाळेला फक्रुद्दीनने पुन्हा विचारलं, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “खरं-खोटं आम्हाला कळलं हो, पण पालकांची भावना एकदा दुखावली ती दुखावली.” आठवड्याने सिनेमा उतरला. त्या जागी मारामारीचा लागला. त्यात बरीच माणसं मरत होती, पण कुणाचीच भावना दुखावली नाही.

बदल झाला तो एका घरात. आता दर रविवारी दगडाबाई आणि शेजारच्या गौहरभाभी दुपारची एसटी पकडून राहात्याला जातात. सूर्यभान घरी थांबतात, कारण धार काढायला कुणीतरी लागतं. त्यांनी ग्रुप बंद केलेला नाही. दगडाबाई परतल्या की ते फोन घेऊन ओट्याच्या कडेला येतात.

परवा असंच झालं. त्या उंबऱ्यात पाय धुत होत्या.

“कसा हुता?” सूर्यभानांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. “शेवटी काय झालं?”

“ते ऱ्हाऊ द्या,” दगडाबाई म्हणाल्या. “म्हस पान्हावली का न्हाई, ते आदी सांगा.”