हुबेहूब टेबल

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी भिंगारच्या रस्त्यावरची आमची जुनी कलाशाळा धंदेशिक्षणाला दिली गेली. सुतारकाम, लोहारकाम, विणकाम. मी तिथला चित्रकलेचा मास्तर. उत्तरेकडच्या उंच खिडक्यांचा माझा हॉल सुतारशाळेला गेला, प्लॅस्टरचे पुतळे अडगळीत गेले आणि नव्या साहेबांनी मला सरळ सांगितलं, "महिनाभरात तुमचा इथे काय उपयोग ते दाखवा. नाहीतर दुसरीकडे बघा."

मला उपयोग विचारतात! तळपायाची आग मस्तकात गेली. पण घाबरलो मात्र नाही. अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्यासारखा हात कोणाचा नाही अशी माझी खात्री होती, आणि खरं सांगायचं तर ती अजूनही आहे.

सुतारशाळेला पहिलं टेबल हवं होतं. मी म्हटलं, चित्र मी काढून देतो. भिंतभर कागदावर, खऱ्या टेबलाएवढं काढलं. छायाप्रकाश असा की येणारा-जाणारा त्यावर टोपी ठेवायला गेला असता.

सुतारकाम शिकवायला देवळाली प्रवऱ्याचे एक मिस्त्री आले होते. वयाने माझ्याहून मोठे. उभा जन्म औतं आणि दारं-चौकटी करण्यात गेलेला, पण कागद समोर ठेवून कधी काम केलेलं नाही. चित्रापुढे ते जरा घुटमळले.

"मास्तर, ह्ये मागचं पाय..."

"मिस्त्री, डोकं चालवू नका," मी खेकसलो. "चित्रात आहे तसंच पाहिजे. एका सुताचा फरक दिसला तर टेबल परत!" सुतारांचं ते बारकं माप मी मुद्दाम त्यांना ऐकवलं.

"बरं," एवढंच म्हणाले, आणि चित्राला दोरी लावून मापं घेऊ लागले.

आठ दिवसांनी साहेब बघायला आले. टेबल हॉलच्या मधोमध. सागाचं, रंधा असा मारलेला की हात फिरवत राहावं. आणि मागचे दोन्ही पाय पुढच्यांपेक्षा चार बोटं आखूड! वरची फळीसुद्धा मागे निमुळती. चित्रात लांबची बाजू लहान काढतात, ती तशीच्या तशी लाकडात उतरली होती. साहेबांनी पेन्सिल ठेवली, ती घरंगळत पलीकडे खाली पडली.

"हे कोणाचं काम?"

मिस्त्री नव्यानेच लागलेले. ते मान खाली घालून उभे राहिले, पण माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मी गप्प बसलो असतो तर त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं असतं आणि मला कोणी काही विचारलं नसतं. तसा विचार माझ्या मनात येऊन गेला, याची आजही लाज वाटते.

"चूक माझी," मी म्हणालो. "टेबल दिसतं तसं काढलं, करायचं असतं तसं नाही काढलं. मिस्त्री विचारत होते. मीच त्यांना गप्प केलं."

साहेब वाकून पाय बघत होते. "म्हणजे यांनी चित्रात होतं ते हुबेहूब केलं?"

"हुबेहूब."

तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा बोलले. "करायचं आसतंय तसं मास्तरांना काढाया सांगा की, सायेब. आमाला कागद वाचाया येत न्हाई. हितं शिकत्याल त्यांना तरी यावा."

साहेब हसले. भिंतीवर वेळापत्रक लावलेलं होतं. माझ्या नावापुढचा 'चित्रकला' हा शब्द त्यांनी खोडला आणि वर लिहिलं, 'कामाचे नकाशे'. रोज दोन तास.

नोकरी राहिली. पण त्या शब्दावर मारलेली काट बघून डोळे भरून आले, म्हणून मी खिडकीकडे तोंड फिरवलं. साहेब गेल्यावर मिस्त्री मागे येऊन उभे राहिले.

"मास्तर, उद्याच्या तासाला मी बी बसू का?"

"बसा की," मी न वळताच म्हणालो. "पण मधेमधे विचारायचं. गप्प बसलात तर वर्गाबाहेर काढीन."