गाऱ्हाण्याचा मान आणि बटाट्यावरचा जंतू

सन दोन हजार चोवीस. मी बहात्तर वर्षांचा. मोठ्या माणसांना क्षयाची लस टोचायला नर्सबाई आमच्या वाडीत आली आणि पहिल्याच दिवशी घोळ घातला. देवळासमोर टेबल मांडलं, बाटलीतली लशीची पूड कालवली आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या कामाक येश दी!" आमच्याकडे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा, म्हणजे गाऱ्हाण्याचा, मान माझ्या घराण्याचा. मी उठून घरी निघालो. मागोमाग वाडी उठली. कालवलेली लस काही तासांत संपवावी लागते. ती सगळी फुकट गेली.

बाई मसुरे गावची. अंगाने काडी, आवाज मात्र होडीवरून हाक मारावी तसा. रस्त्यात कुणी खोकला की स्कूटर थांबवायची. "थुकी तपासलंस काय? नाय? मगे बस माज्या मागे!" माझ्या धाकट्या भावाला तिने आदल्या वर्षी असंच उचलून नेलं. क्षय निघाला. औषधं घेऊन बरा झाला. पण आजारपणात त्याचं सगळं माझ्या बायकोने केलं होतं, म्हणून लस आधी तिला मिळायला हवी होती. नवरा उठला, तशी तीही उठली.

संध्याकाळी बाई खळ्यात, माझ्या घरापुढच्या अंगणात, हजर. "तात्यानू, मान तुमचो, चूक माजी. पण मानाक क्षय होना नाय. काकीक होऊ शकता."

"लशीत काय आसा तां आधी सांग."

"गायच्या क्षयाचो जंतू."

"गायचो रोग माज्या बायलेक टोचतलंस?"

"ऐका तरी! फ्रान्सातल्या दोन डॉक्टरांनी तो बैलाच्या पित्तात शिजवलेल्या बटाट्यार वाढवलो. थयसून दुसऱ्या बटाट्यार, मगे तिसऱ्या. वर्षानुवर्षां. मदी लढाई इली, बटाटे म्हागले, पित्त गावना. तरी सोडूक नाय. शेवटी जंतूचा वीख गेला, वळख तेवडी रवली. ती वळख आमी आंगाक करून दितंव."

"येवडो हट्ट?"

"तुमच्यासारकोच. फक्त कामाचो. उद्या सकाळी येतंय. तुमचा गाऱ्हाणां झाल्याशिवाय बाटली कालवूचंय नाय."

एवढं बोलून गेली. मला असा राग आला! आता ती बदली होऊन विजयदुर्गाकडे गेली, तरी राग आहेच. माझ्या खळ्यात उभं राहून मला बोलणारी ही कोण? मान मी सोडला नाही, आजही सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंटा बडवून वाडी जमवली. बटाटा, पित्त, ते दोन हट्टी डॉक्टर, सगळं गाऱ्हाण्यात घातलं, सगळ्यांकडून "होय म्हाराजा" म्हणवून घेतलं आणि बायकोला रांगेत पहिली उभी करून तिच्या मागे उभा राहिलो.