पाणी न लागलेली बोअर

बोअरवाल्याचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यानं माप भरून दिलं तरी हा वाकून भांड्याचा तळ बघायचा. डॉक्टरांनी दिलेली गोळी दोन केमिस्टना दाखवल्याशिवाय तोंडात टाकायची नाही. बायको म्हणायची, हा माणूस आरशातल्या स्वतःलाही ओळखपत्र मागेल.

मुलीच्या घरामागच्या विहिरीचं पाणी पिवळं पडलं, नातीच्या अंगावर चट्टे उठले, तेव्हा त्याचा संशय थेट कुंपणापलीकडच्या रंगाच्या कारखान्यावर गेला. कंपनीनं कानांवर हात ठेवले. आमचं सांडपाणी जमिनीत गेलंच नाही, आवारात एकही बोअर नाही, मग सफाई आम्ही का करायची? सरकारी चौकशीची तारीख लागली. पुरावा मिळाला नाही, तर प्रकरण बंद होणार आणि मुलीला घर सोडावं लागणार, हे उघड होतं.

त्याच आठवड्यात कंपनीचा मॅनेजर बोअरवाल्याच्या दारात आला. फार गोड बोलला आणि दुसऱ्या गावातल्या कारखान्यात दहा बोअरचं काम देऊ केलं. त्या गावात बोअरवाल्यांचा काय दुष्काळ पडला होता? यानं चहाही न विचारता त्याला वाटेला लावलं, आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

बावीस वर्षांपूर्वी त्या आवारात त्यानंच एक बोअर मारली होती. तीनशे फूट, ठणठणीत कोरडी. बोअर कोरडी गेली की गिऱ्हाईक बोअरवाल्याच्या सात पिढ्या काढतं. इथं साहेबानं पाठ थोपटली. पंप बसवू नका, बुजवूही नका म्हणाला. साऱ्या जगावर संशय घेणारा हा गृहस्थ त्या दिवशी शीळ घालत घरी आला होता. ते आठवून त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मुलीला सांगायचा धीर झाला नाही. चौकशीच्या दिवशी ती पहिल्या रांगेत बसली होती. तो उठला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. बोअरची जागाही सांगितली, आता त्यावर सायकल स्टँड आहे, त्याच्या फरशीखाली, भिंतीपासून सहा पावलांवर.

कंपनीचा वकील हसला. "म्हणजे विष जमिनीत जायची वाट तुम्हीच करून दिलीत. तुम्हीही गुन्हेगार झालात की."

बोअरवाल्यानं मुलीकडे पाहिलं. तिनं मान फिरवली होती.

"झालोच," तो चौकशी अधिकाऱ्याला म्हणाला. "लिहून घ्या. पण वर त्यांचं नाव लिहा, माझं खाली."