कटाच्या पानावरचं टिंब

वाघमारे सर गेल्याचं त्यांच्या मुलीने, प्रज्ञाने, फोनवर सांगितलं तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. "मॅडम, बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मग, "तुमचं नाव फार घ्यायचे..." त्या दुसऱ्या वाक्याने मी जास्त अस्वस्थ झाले. त्याचं कारण आज, पाच आठवड्यांनी, लिहिते आहे.

घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात मी नोकरीला लागले तेव्हा सर इंग्रजी नाटक शिकवण्यात मुरलेले होते. अभ्यासक्रमात एक जुनी राजकीय शोकांतिका होती. राज्यकर्त्याला त्याचेच मित्र कट करून मारतात, आणि मग प्रेतापुढे दोन माणसं जमलेल्या लोकांना आपापली बाजू पटवतात. बाकीचे आम्ही नोट्स द्यायचो. सर मात्र शनिवारी दुपारी चौदा नंबरच्या खोलीत मुलांकडून नाटक मोठ्याने वाचून घेत आणि शेवटी स्वतःची प्रत फिरवत. खाकी कव्हर, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. आपल्याला जिथे पटलं त्या ओळीशेजारी प्रत्येकाने टिंब द्यायचं आणि नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून हाफ-डे टाकून येणारा संतोष एकदा म्हणाला, "सर, पहिल्याचं ऐकून वाटलं, मारला ते बरोबर. दुसऱ्याचं ऐकून वाटलं, या पहिल्याचीच वाट लावू!" सर खूश. "अरे, पण फिरलास कुठे? ती ओळ दाखव ना." संतोष वीस मिनिटं पान धरून बसला, आणि सर तेवढा वेळ शांतपणे थांबले. समोरच्याने कसं फसवलं हे कोणीही सांगेल, ते म्हणत, आपण कुठल्या शब्दाला हो म्हटलं ते शोधा. इतकं प्रामाणिक शिकवणं मी दुसरं पाहिलेलं नाही.

भाषणांची पानं टिंबांनी भरून गेली होती. पण एक भला माणूस कटात सामील व्हायला तयार होतो, त्या पानावर कोणी पेन्सिल टेकवत नसे, ते पान कोणी उघडतही नसे. सर चिडवायचे, "गर्दीत रडायला सगळे हजर. कटात एकही नाही? कमाल आहे तुमची!"

मग चौदा नंबरची खोली कॉम्प्युटर कोर्सला द्यायचं ठरलं. प्राचार्यांनी मला बोलावून एक निवेदन पुढे सरकवलं. शनिवारचा वर्ग बंद करावा, अशी विभागाचीच विनंती. "तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या," ते मऊ आवाजात म्हणाले. "हृदयाचं ऑपरेशन झालंय, तरी ऐकत नाहीत. त्यांना कोणीतरी थांबवायला हवं ना?" मी सही केली. दोन दिवसांनी सर तो कागद घेऊन स्टाफरूममध्ये आले. रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून समोर बसले आणि खरोखरच्या कुतूहलाने म्हणाले, "अगं शुभदा, यात तुझं टिंब कुठे पडलं?"

"सर, मी वाचलंच नाही. घाईत सही केली."

सरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "असं होय... चल, चहा घेऊ."

वर्ग त्यांनी पंतनगरच्या बुद्धविहारात नेला आणि शेवटपर्यंत चालवला. मीही जायचे. प्रत हातात आली की भाषणांच्या पानावर, गर्दीत, टिंब द्यायचे. दर शनिवारी वाटायचं, आज सांगू, ते निवेदन मी वाचलं होतं म्हणून. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मी त्यांच्या त्या सभ्यपणाचा फायदा घेत राहिले...

गेल्या आठवड्यात प्रज्ञाने ती प्रत माझ्या हातात ठेवली. "वर्ग तुम्ही चालवा, असं बाबा म्हणायचे." घरी येऊन कटाचं पान उघडलं. इतक्या वर्षांत त्या प्रतीत मी ते कधी उघडलं नव्हतं; कोरं असेल असं वाटलं होतं. तिथे टिंबं होती. काही पुसट, काही ठळक, आणि प्रत्येकाशेजारी एकच अक्षर, 'वा'. दर वर्षी नाटक नव्याने वाचताना सर स्वतः त्या कटात सामील होत आले होते, आणि आम्हाला चिडवताना हे कधी बोलले नव्हते.

पेन्सिल अजून दोऱ्याला आहे, बोटाच्या पेराएवढी उरलेली. याला वेळीच थांबवायला हवं, असं तो भला माणूस स्वतःला समजावतो त्या ओळीशेजारी मी टिंब दिलं आणि 'शु' लिहिलं. शनिवारी प्रत विहारात न्यायची आहे. ती सगळ्यांच्या हातून फिरेल, आणि कोणीतरी विचारेलच.