सरांचा पांढरा धूर

लॅबमधले किस्से फ्रीजरच्या बर्फासारखे साचतात. रोज थोडे थोडे, आणि एक दिवस दारच लागत नाही! नवरा म्हणतो, "बाळंतपणानंतर तू फार चिडतेस." असेलही. तुम्हीच ठरवा.

*

आमचं काम म्हणजे प्रोटीनचा थेंब इवल्याशा जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, घेऊन क्षणात गोठवायचा आणि उणे एकशेऐंशीला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून त्याचे फोटो काढायचे. मशीन एकच, त्यामुळे स्लॉटसाठी रांग. रजेवरून परतले तर आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले, "लहान मूल आहे, दिवसभर बसणं जमेल?" शेजारी माझा सहकारी नीलेश उभा. त्याला जुळी आहेत! त्याला कुणी नाही विचारलं. वर माझा स्लॉट त्यालाच दिला. मला थेट दिवाळीनंतरचा.

*

लेकीला सांभाळायला आमच्या खांदा कॉलनीतल्या घरी उरणच्या कोळीण मावशी येतात. त्यांना माझं काम समजावलं.

"गोठवलेल्याचा फोटू कशाला? ताजा नाय मिलत काय?"

"मावशी, ताजं किरणांनी लगेच जळतं. गोठवलं की टिकतं."

"मंग तुजे सायबाला पन गोठव एकदा!"

*

ग्रिडवर नुसता श्वास पडला तरी बर्फाचे कण बसतात. एकदा मास्क लावून, श्वास रोखून, चिमट्यात ग्रिड धरलेली. मागून सर कानाशी, "जरा हसा की मॅडम! सदानकदा रागावलेल्या!"

मास्कच्या आत मी काय बोलले ते मशीनलाच ठाऊक.

*

पाहुणे आले की सर गोठवायचा लिक्विड नायट्रोजन फरशीवर ओतायला लावतात. पांढरा धूर, टाळ्या! "मॅडम, धूर काढा!" पीएचडी कशासाठी केली ते तेव्हा कळतं.

*

दिवाळीनंतरचा स्लॉट एकदाचा आला. होतं नव्हतं ते सगळं प्रोटीन गोठवून ग्रिड नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्या. स्लॉट सोमवारी. शनिवारी लेकीला ताप, मी घरी. नेमके त्याच दिवशी पाहुणे! सरांनी त्यांना नायट्रोजन ओतून सीताफळाचं आईस्क्रीम करून घातलं. नायट्रोजन कमी पडला, म्हणून माझ्या टाकीतला घेतला. सोमवारी टाकी कोरडी, ग्रिडवरचं सगळं वितळलेलं.

"एवढं काय त्यात? परत गोठवा!" सर म्हणाले.

काय गोठवू? थेंबभरही प्रोटीन उरलं नव्हतं. पण स्लॉट माझा होता. त्यातलीच एक ग्रिड तशीच परत गोठवून मशीनमध्ये घातली आणि दिवसभर फोटो काढले. बर्फाचे काळे खडे, बाकी शून्य. मीटिंगमध्ये सरांच्या शेजारी संस्थेचे डायरेक्टर बसलेले. मी एकेक फोटो पडद्यावर लावला, सगळेच्या सगळे.

डायरेक्टरांनी चष्मा वर केला. "हे कुठलं प्रोटीन?"

"सीताफळ, सर."